आधी कागद, मग मार्कर

मार्करचा संच घेताना माणसं रंग मोजतात : 24, 48, 72. ज्या पुस्तकात रंगवायचं त्याचं पान मात्र कुणी चाचपून बघत नाही. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मी रंगवण्याचा वर्ग घेते. सतरंजीवर बालवाडीतली पोरं, टेबलांवर त्यांच्या आज्या आणि निवृत्त काका. तिथे माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच निघालं : पेन आणि कागदाची जोडी जुळलेली नव्हती.

एका पहिलीतल्या मुलीला मामाने वाढदिवसाला दोन्ही बाजूंना टोक असलेले अल्कोहोल मार्कर दिले. तिने ते रोजच्या चित्रपुस्तकात फिरवले. मोराचा निळा रंग पानाच्या पाठीवरच्या हत्तीत उतरला, तिथून खालच्या पानात आणि शेवटी टेबलाच्या सनमायक्यावर. टेबलावरचा डाग सॅनिटायझरच्या बोळ्याने निघाला, पुस्तक मात्र गेलं. "रंगच खराब आहेत," आई म्हणाली. रंग उत्तम होते, पण ते त्या पुस्तकासाठी नव्हते.

बाजारात मुख्यतः दोन जातीचे मार्कर मिळतात. आपले नेहमीचे स्केचपेन पाण्याच्या शाईचे. त्यांना वास जवळपास नसतो आणि ते सहसा पानाच्या आरपार जात नाहीत. पण एकाच जागी घासत राहिलं की कागदाची लव उठते, मोठ्या भागात पट्टे दिसतात. अल्कोहोलची शाई कागदात पटकन मुरते आणि चटकन वाळते. एकावर एक रंग फिरवले तर ते मिसळून सलग दिसतात. मोठ्यांना भुरळ पडते ती याचीच. पण ही शाई आरपार जातेच. जाड कागदातूनही जाते, कारण इथे जाडीपेक्षा पृष्ठभागाची घडण महत्त्वाची. म्हणून तिच्यासाठी खास मार्कर पॅड मिळतात. साध्या पुस्तकात वापरायचेच असतील, तर चित्र एकाच बाजूला छापलेलं हवं आणि पानाखाली जाड पुठ्ठा हवा.

कागदाचं वजन जीएसएममध्ये लिहितात. झेरॉक्सचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा. मुलांच्या स्केचपेनला तो चालून जातो, पण 100 च्या वरचा घेतला तर पान लाटा धरत नाही.

हल्ली चित्रं घरीच छापली जातात. त्यातही एक मेख आहे. बऱ्याच इंकजेट प्रिंटरची काळी रेघ पाण्याच्या शाईखाली फुटते आणि पिवळं सूर्यफूल मळकट होतं. त्यापेक्षा झेरॉक्स किंवा लेसर प्रिंट काढावी. टोनर पाण्याला दाद देत नाही. अल्कोहोलच्या मार्करने मात्र टोनरही कधी कधी पसरतो. जपानमध्ये 1987 साली आलेल्या कॉपिक मार्करची शाई मुद्दाम अशी बनवली होती की झेरॉक्सचा टोनर विरघळू नये. तुमच्याकडे कुठलाही संच असो, कोपऱ्यातल्या एका रेघेवर आधी फिरवून बघा.

लहान मुलांसाठी जाड दांड्याचे, बोथट टोकाचे, धुतल्यावर निघणारे स्केचपेन घ्या. बारीक टोक पोरं दाबून आत घालवतात. 'वॉशेबल' लिहिलेलं असलं तरी शाळेच्या पांढऱ्या शर्टावर भरवसा ठेवू नका. जुन्या फडक्यावर ठिपका देऊन धुऊन बघा. टोपणाला वरून हवा जायला भोक आहे का, तेही पाहा. मुलांच्या पेनांच्या टोपणासाठी आयएसओ 11540 हे मानक आहे : टोपण घशात अडकलंच, तर श्वासाला वाट राहावी म्हणून. 'नॉन-टॉक्सिक' म्हणजे चोखायला परवानगी, असा अर्थ नाही. फळांच्या वासाचे पेन तर तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊच नयेत. पार्सलवर नाव घालायचे परमनंट मार्करही मुलांच्या डब्यातून बाजूला काढा.

मोठ्यांचं गणित वेगळं. जोहाना बॅसफोर्डचं 'सीक्रेट गार्डन' 2013 मध्ये आलं आणि पानाफुलांच्या दाट जाळीची पुस्तकं मोठ्यांच्या हाती खेळू लागली. त्या जाळीत स्केचपेनचं जाड टोक रेघेबाहेर जातं. तिथे 0.4 मिलिमीटरचं फाइनलाइनर लागतं, आणि मोठ्या पाकळीला ब्रशसारखं लवचिक टोक. आमच्या टेबलावरच्या एका आजींची बोटं सांधेदुखीने आखडलेली. सुनेने आणलेल्या बारीक पेनांची घट्ट टोपणं त्यांना निघेनात आणि त्यांनी येणंच बंद केलं. जाड, तिकोनी दांड्याचे पेन दिले तेव्हा परत आल्या. भेट देताना पेन हातात धरून टोपण काढून बघावं, ते यासाठी.

टोपणाचा रंग आणि कागदावरचा रंग क्वचितच जुळतात. ज्या कागदावर रंगवायचं त्याच्याच तुकड्यावर प्रत्येक पेनचा चौकोन रंगवून तक्ता करा. फिका रंग आधी, गडद नंतर. मार्करने गडद केलेलं पुन्हा फिकं होत नाही. बहुतेक मार्करच्या शाईतला रंग उन्हाने विटतो, म्हणून चौकट करून लावायचं चित्र खिडकीसमोर टांगू नये. अल्कोहोलचे मार्कर खिडकी उघडी ठेवून वापरावेत आणि गॅसजवळ ठेवू नयेत. दोन टोकांचे पेन आडवे ठेवावेत, नाहीतर शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरचं कोरडं पडतं.

दुकानात जाताना पुस्तकाचं एखादं कोरं पान बरोबर न्या. अप्पा बळवंत चौकात असो की गावच्या स्टेशनरीत, "यावर एक रेघ मारून बघू का?" असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पहिल्या खरेदीला 12 रंग पुरतात. त्यातले कुठले आधी संपतात ते पाहा आणि मग तेवढेच सुटे मिळतील असा संच निवडा. 72 रंगांच्या डब्याचा विचार त्यानंतर.