नहपानाच्या नाण्यावरील तीन लिप्या

आपल्या नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी छापलेली असते आणि तीत मराठीही असते. चलनावर अनेक लिप्या कोरण्याची ही रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाची होती. पुढील बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे, मागे बाण व वज्र आणि त्यांभोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. खरोष्ठीत ‘राञो छहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात राजा नहपानाचे, असे वाचता येते. ग्रीक अक्षरांतही हीच प्राकृत वाक्यरचना आहे. अशा नाण्यांस बहुभाषी म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांना बहुलिपी म्हणणे आम्हांस अधिक नेमके वाटते. ब्राह्मी येथील प्रजेची होती, खरोष्ठी वायव्येकडची. ग्रीक अक्षरे जुन्या यवन नाण्यांच्या रिवाजाने आली. पुढे पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरून खरोष्ठी नाहीशी झाली, ग्रीक अक्षरांची नुसती नक्षी उरली आणि ब्राह्मी तेवढी टिकली.

अशा नाण्यांनी काय होत असे, हे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहे. दहाव्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. पैकी दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने होते. विद्यार्थ्यांनी येथे पाटी घ्यावी. महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीसच! मुद्दलास हात न लावता संघाच्या वस्त्राची सोय झाली आणि विणकरांना भांडवल मिळाले. उरलेल्या एक हजारांचा दर पाऊण टक्का होता.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पराभव केला. जोगळटेंभीच्या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने आपला ठसा उमटवला. नाणी वितळवण्याऐवजी नहपानाच्या मस्तकावरच सातवाहनांचे पर्वतचिन्ह आणि आपले नाव छापले. कित्येक नाण्यांवर जुनी अक्षरे ठशाखालून अजून डोकावतात. संघाचे दान मात्र खंडित झाले नाही. उषवदाताच्या भोगवट्यातील दोनशे निवर्तने शेत गौतमीपुत्राने त्रिरश्मीच्या भिक्षूंनाच दिले, असा त्याच लेण्यांतील दुसरा लेख आहे.

सातवाहनांच्या नंतरच्या राजांनी, क्षत्रपांच्या धर्तीवर, मस्तकाची चांदीची नाणी काढली. यांवर मात्र खरोखरच दोन भाषा आहेत. एका बाजूस प्राकृत, तर दुसऱ्या बाजूस तोच मजकूर एका द्राविडी भाषेत. ती तमिळ की तेलुगू, यावर पंडितांत मतभेद आहे. यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले.

आजऱ्याच्या वाचकांस कोल्हापूरची नाणी अधिक जवळची. ती बहुधा शिशाची आहेत. एका बाजूस धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूस कमानींचा पर्वत व कठड्यातील वृक्ष आणि ब्राह्मी नावे : वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. या तिघांचा क्रमही ठशांवरूनच लागला. सिवलकुराचा ठसा पहिल्याच्या नाण्यांवर, तर तिसऱ्याचा दोघांच्याही नाण्यांवर आढळतो.

शिसे मऊ असते. शेतात असे नाणे सापडले तर मुलांनी ते चिंचेने वा राखेने घासू नये; घासले की अक्षर जाते, आणि अक्षर गेले की ते नाणे कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही. १८७८ च्या निखातनिधी कायद्यानुसार असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तोवर तो कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा आणि कोणत्या शेतात, किती खोल मिळाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.