रानकांदा

मुलांनो, एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपल्यावर काही विद्यार्थी माझ्याबरोबर सामानगडावर आले होते. हा किल्ला आपल्या गडहिंग्लज तालुक्यातच आहे. गवत वाळून गेले होते. जांभ्या दगडाच्या फटीतून मात्र हातभर उंचीची एक बारीक दांडी वर आली होती. तिला पान एकही नव्हते.

एका मुलाने काठीने माती उकरली. खाली पांढरा कंद निघाला. तो आनंदाने ओरडला, "सर, ही तर प्याज! अम्मीला देतो, सालनात घालील."

मी त्याचा हात धरला. तो रानकांदा होता. त्यालाच कोळकांदा म्हणतात; उर्दूत जंगली प्याज. नावात कांदा असला, तरी हा कंद विषारी आहे. तो खाल्ल्यास ओकाऱ्या होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रस लागला तर अंगाला खाज सुटते. याच कंदापासून खोकल्याचे औषध करतात. युनानी वैद्यकातही तो आहे. पण औषध करणे हे जाणत्या हकिमाचे काम, आपले नव्हे!

मग हा ओळखायचा कसा? शेतातल्या कांद्याचा डेंगळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोकळ दांडीच्या टोकाला फुलांचा गोल चेंडू असतो. रानकांद्याची फुले तशी एकत्र नसतात. ती दांडीवर दूर दूर, एकेक लोंबतात. पाकळ्या सहा असतात. त्यांचा रंग मळकट असतो, हिरवट-तपकिरी. फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते, म्हणून दिवसा जाणाऱ्याला ते सहसा दिसतच नाही.

आणखी एक गंमत आहे. याला फुले आधी येतात, पाने नंतर. पावसाळ्यात पट्टीसारखी लांब पाने फुटतात, तेव्हा फुले संपलेली असतात. ही पाने चुरगळली, तरी कांद्याचा वास येत नाही. पण चव मात्र कधीही घेऊन पाहू नका.

उन्हाळाभर ही वनस्पती कंदात साठवलेल्या अन्नपाण्यावर जगते. कंद उपटला की सारे संपले. त्या मुलाने तो पुन्हा खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. मग उतरताना पाण्याची बाटली मागून त्याने दोनदा हात धुतले.

सांगा पाहू :
१. डेंगळा आणि रानकांद्याची दांडी यांत कोणता फरक आहे?
२. रानकांद्याचे पान व फूल एकत्र का दिसत नाहीत?