स्टेपनी

मुलांनो, गाडीच्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द आला कोठून? वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक बनवले. त्याला आरे नव्हते. टायर चढवलेली नुसती रिम पंक्चर चाकाला बाजूने अडकवायची आणि घर गाठायचे. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे टिकला.

आता डिकीतला गालिचा उचला. पुष्कळ नव्या गाड्यांत तेथे बारीक चाक दिसेल. काहींत तेही नाही, फक्त पंक्चरचा द्रव आणि छोटा पंप. (टायर कडेने फाटला तर तो द्रव कुचकामी!) भारतातही २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असल्यास स्टेपनीची सक्ती नाही.

बारीक चाकाने जागा आणि वजन वाचते. पण त्यावर बहुधा दोन आकडे असतात : वेग ताशी ८० कि.मी., हवा ६० पौंड, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट. दुबई-अबुधाबी सुमारे १४० कि.मी. म्हणजे पावणेदोन तास, आणि शेजारून गाड्या १२० ने जाणार. तेव्हा उजवी लेन धरून जवळचे टायरचे दुकान गाठावे. हत्ता किंवा लिवाकडे वरचेवर जाणाऱ्या पालकांनी मात्र पूर्ण मापाचेच चाक ठेवावे, असे आम्हाला वाटते.

गृहपाठ : स्टेपनीवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमच्या स्टेपनीचे वय किती? आणि बाबांनी तिची हवा शेवटची कधी तपासली?