पुरुषांतील वंध्यत्व व त्याचे रेणवीय निदर्शक

विवाहानंतर काही वर्षांत मूल झाले नाही, की दोषाचे बोट प्रथम स्त्रीकडे वळते. नवस, उपास, औषधे तिच्याच वाट्याला येतात. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. म्हणून वर्षभर नियमित सहवास होऊनही गर्भधारणा न झाल्यास दोघांचीही तपासणी व्हावयास हवी.

पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लक्ष शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे. परंतु वीर्यात शुक्राणू मुळीच न दिसल्यास त्याचे कारण सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही.

शेतात पाणी पोचले नाही, तर एक तर विहीर आटलेली असते, नाही तर पाट बुजलेला असतो. त्याचप्रमाणे वृषणात शुक्राणू तयारच होत नसतील, अथवा तयार होऊनही त्यांचा मार्ग बंद असेल. हा भेद ओळखण्यासाठी शरीरातील विशिष्ट रेणूंचा उपयोग होतो. त्यांस रेणवीय निदर्शक म्हणतात. २०१३ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी वीर्यद्रवातील अशी दोन प्रथिने दाखवून दिली. ‘ईसीएम-१’ हे अधिवृषणातून येते. ते फारच कमी असल्यास मार्ग बंद असल्याचे अनुमान निघते. ते पुरेसे असून वृषणातील ‘टेक्स-१०१’ कमी असल्यास दोष निर्मितीत असतो. एरवी या निर्णयासाठी वृषणाचा तुकडा काढून तपासावा लागे.

दुसरा निदर्शक रक्तातून मिळतो. ‘वाय’ गुणसूत्राचा काही भाग लुप्त झाल्याने शुक्राणुनिर्मिती थांबते, असे १९७६ साली इटलीतील टिपोलो व झुफार्डी यांनी सुचविले. या भागाचे ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ असे विभाग आहेत. ‘ए’ किंवा ‘बी’ संपूर्ण लुप्त असल्यास शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. ‘सी’ लुप्त असल्यास ते पुष्कळदा मिळतात. मात्र तोच दोष मुलग्यात उतरतो.

‘वाय’ गुणसूत्राची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते; प्रथिनांची तपासणी अद्याप नित्याची झालेली नाही. म्हणून आरंभ साध्या वीर्यतपासणीनेच करावा आणि दोष आढळल्यास ती पुन्हा करून खात्री करून घ्यावी. अशी तपासणी करून घेण्यात पुरुषाला कमीपणा नाही. ती टाळून पत्नीस दोष देणे हा मात्र अन्याय आहे.