माशांच्या टाकीतला सामू : घाई नको, ॲसिड तर नकोच

आरोग्याच्या सदरात माशांची टाकी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घरात काचेची टाकी आली की तिच्याबरोबर औषधांच्या बाटल्या येतात, लहान मुलांचे हात पाण्यात जातात, आणि कधी कधी न्हाणीघरातले ॲसिडही तिथवर पोहोचते. टेंभी नाक्यावरील माझ्या दवाखान्यात रंगीत मासे पाळणारी बरीच मंडळी येतात. ‘‘डॉक्टर, पाण्याचा पीएच आठ येतोय, कमी कसा करू?’’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. आज त्याचे सविस्तर उत्तर देतो.

सामू म्हणजे काय?

पीएच म्हणजेच सामू. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, हे सांगणारे हे माप सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली शोधले. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. ही मोजपट्टी साधी नाही. सामू ८ वरून ७ वर आला, तर आम्लता दहापट वाढते. ६ वर आला, तर शंभरपट. म्हणून ‘एका अंकाने तर कमी करायचा आहे’ असे म्हणून चालत नाही.

आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो सांभाळण्याचे मोठे काम रक्तातील बायकार्बोनेट करते. टाकीच्या पाण्यातही कार्बोनेट-बायकार्बोनेट हेच क्षार सामूला धरून ठेवतात. दुकानातील तपासणी संचात याला ‘केएच’ म्हणतात. केएच न मोजता नुसता सामू मोजणे म्हणजे खोकल्याचे कारण न शोधता खोकल्याचे औषध देण्यासारखे आहे.

आधी गरज आहे का ते पाहा

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. गप्पी, मॉली, गोल्डफिश या माशांना किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. त्यांच्यासाठी सामू खाली आणण्याचे कारणच नाही. निऑन टेट्रा, डिस्कस यांना मऊ आणि किंचित आम्ल पाणी लागते. तरीही बाजारात मिळणारे बरेचसे मासे पैदास केंद्रात वाढलेले असतात आणि थोड्या वेगळ्या पाण्याशी जुळवून घेतात. माशाला स्थिर ७.६ चालतो, आज ७.६, उद्या ६.६ आणि परवा पुन्हा ७.५ हे मात्र चालत नाही.

ठाण्याला पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. पालिकेची भातसा नदीवरील योजना, उल्हास नदीवरील स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी, मुंबई महापालिका असे निरनिराळे स्रोत आहेत. त्यात काही सोसायट्या बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळतात. बोअरच्या पाण्यात क्षार बहुधा जास्त असतात. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. नळाचे पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवा आणि मग सामू व केएच दोन्ही मोजा. ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो निघून गेल्यावरच खरा आकडा कळतो.

ॲसिड का नको?

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ हातावर भाजल्याच्या जखमा घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी फरशी धुण्याचे ॲसिड टाकीत ओतले होते. संध्याकाळी सामू उतरला, म्हणून समाधान झाले. सकाळी तो पुन्हा चढलेला दिसला, म्हणून त्यांनी आणखी ओतले. दुसऱ्या रात्रीत सगळे मासे गेले.

यामागचे शास्त्र सोपे आहे. ॲसिड पडले की क्षार त्याला खाऊन टाकतात आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूने माशांचा जीव कासावीस होतो. वायू उडून गेला की सामू पुन्हा वर चढतो. असे करता करता क्षार संपतात, आणि मग थोड्याशा ॲसिडनेही सामू धाडकन कोसळतो. लिंबू आणि व्हिनेगर यांनीही हाच खेळ होतो, फक्त हळू.

माणसाला धोका याहून मोठा. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कडक निर्बंध घातले आहेत. घरात असेलच, तर ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका; मूल पाणी समजून पिते. ब्लीचिंग पावडरबरोबर ते मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरा. पोटात गेले तर उलटी करवू नका, सोडा पाजू नका. तोंड धुऊन थेट इस्पितळ गाठा.

सुरक्षित मार्ग

१) टाकीतले शिंपले, प्रवाळ, संगमरवराचे खडे काढा. ते विरघळून सामू वाढवतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड टाकीत नको.

२) आरओ यंत्राचे शुद्ध पाणी नळाच्या पाण्यात मिसळा. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. उदाहरणार्थ, ६० लिटरची टाकी आहे आणि केएच ८ आहे. दर आठवड्याला १२ लिटर पाणी काढून ६ लिटर नळाचे आणि ६ लिटर आरओचे घातले, तर पहिल्या आठवड्यात केएच ७.२ होईल आणि अडीच महिन्यांत साडेचारच्या आत येईल. तो तीनच्या खाली नेऊ नका. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्याचे औषध विसरू नका.

३) देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, वाळलेली पाने धुऊन टाकीत सोडा. पाणी चहासारखे होते, ते अपायकारक नाही. टाकीसाठी मिळणारे ड्रिफ्टवूडही उपयोगी पडते. केएच जास्त असेल, तर मात्र या दोन्हींचा परिणाम फारसा दिसत नाही.

४) सामू एका दिवसात ०.२ हून अधिक उतरू देऊ नका. रक्तदाब फार चढलेल्या रोग्यालाही आम्ही बहुधा एकदम खाली आणत नाही, त्यातलाच हा प्रकार. मोजमाप रोज एकाच वेळी करा आणि वहीत लिहा.

अमोनियाचे गणित

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना त्यातला सुमारे दोनशेवा भागच विषारी रूपात असतो. सामू ८ असताना सुमारे विसावा. म्हणजे सामू उतरल्याने अमोनियाचा त्रास कमी होतो. पण सामू ६ च्या आसपास गेला की अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जीवाणू जवळजवळ काम थांबवतात आणि अमोनिया साठत जातो. अशा टाकीत एकदम खूप ताजे नळाचे पाणी ओतले, की सामू चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. ‘पाणी बदलले आणि मासे मेले’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच असते.

हातांची काळजी

हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नका, किंवा रबरी हातमोजे घाला. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू असू शकतो. त्याने काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न भरणारी गाठ येते. ती साध्या मलमाने जात नाही. डॉक्टरांना ‘घरी मासे आहेत’ हे आवर्जून सांगा. टाकी साफ करताना हीटर आणि पंपाची बटणे बंद करा. टाकीची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नका. काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा.

थोडक्यात सांगायचे तर आधी मोजा, कारण शोधा, गरज असेल तरच पाणी बदलत बदलत सामू उतरवा. आणि ॲसिडची बाटली घरात असेलच, तर ती आजच कुलपात ठेवा.