अर्धवट वाचलेला पत्ता

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील प्रमुख महानगरांत इंटरनेट सेवा जनतेस खुली केली. पुढे शाळा, महाविद्यालये व कार्यालये तिच्याशी जोडली गेली, तेव्हा एकाच जोडणीवर अनेक संगणक चालविण्यासाठी मध्ये एक मध्यस्थ संगणक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दारावर पास पाहून माणसाला आत सोडीत. हा पहारेकरी मात्र बाहेर जाणाऱ्यालाही ‘कुठे?’ म्हणून विचारतो. कोणास कोणत्या संकेतस्थळी जाऊ द्यावे, याचे नियम संस्थेने त्यास लिहून द्यावयाचे असतात.

या कामी जगभर वापरली जाणारी ‘स्क्विड’ ही प्रणाली विनामूल्य आहे. २००४ साली तिच्या २.५ मालिकेत, चौथ्या स्थिर आवृत्तीपर्यंत, एक दोष आढळला. पत्त्यात टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन शून्ये लिहिली, की प्रणाली त्यांचे रूपांतर एका अदृश्य ‘शून्य’ अक्षरात करी. ती ज्या ‘सी’ भाषेत लिहिली होती, तीत हे अक्षर म्हणजे मजकुराचा शेवट. साहजिकच नियमांशी ताडून पाहताना पत्त्याचा पहिला तुकडाच वाचला जाई. आरंभी एखादे निरर्थक नाव, मग ही चिन्हे, ‘ॲट’ची खूण आणि शेवटी निषिद्ध संकेतस्थळ, असा पत्ता कोणी लिहिला, तर तपासणीस फक्त ते निरर्थक नाव दिसे. ते मनाईच्या यादीत नसल्याने परवानगी मिळे व मागणी निषिद्ध स्थळीच रवाना होई. नियम बिनचूक होता. तपासणारा एक पत्ता वाचीत होता आणि पोहोचविणारा दुसरा.

पाचव्या स्थिर आवृत्तीत हा दोष दूर झाला. तथापि सुधारित आवृत्ती निघणे वेगळे आणि ती शाळेच्या संगणकावर बसविली जाणे वेगळे. एकदा बसविलेल्या प्रणालीस वर्षानुवर्षे हात न लावण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ आहे. म्हणून मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी चालू आवृत्ती कोणती व ती अद्ययावत कोण करतो, हे विचारून घ्यावे. स्क्विडमध्ये नियम वरून खाली वाचले जातात व पहिला जुळणारा लागू होतो. अखेरीस ‘इतर सर्वांस मनाई’ हा नियम असावाच. तो नसेल, तर बाहेरचा इसमही संस्थेच्या नावावर व्यवहार करू शकतो. केंद्राच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात व सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. नोंदीच नसतील, तर ते कृत्य आपले नव्हते, हे संस्था कशाच्या आधारे दाखविणार?