नागद्वारची वाट : आधी उतार, मग चढ

सातपुड्यातील पचमढीच्या पठाराखाली, व्याघ्र प्रकल्पाच्या दाट जंगलात वसलेले नागद्वार हे नागपूरसह अवघ्या विदर्भातील शिवभक्तांचे श्रद्धास्थान असून, एरवी बंद असलेली तेथील वाट नागपंचमीच्या आगेमागे सुमारे दहा दिवस, म्हणजे नेमकी ऐन पावसाळ्यात, खुली होते. नागपूरहून छिंदवाड्यामार्गे पचमढी, तेथून जीपने जलगली आणि पुढे पायी काजळी, पद्मशेष, चिंतामणी, चित्रशाळा, स्वर्गद्वार असा हा प्रवास दरवर्षी हजारो लोक करतात. मात्र त्यांतील अनेकांना या वाटेचा स्वभाव पाय थकल्यावरच कळतो.

एखाद्या गडावर जाताना चढ आधी लागतो, आणि ज्याला तो झेपत नाही तो अर्ध्यावरून सहज खाली येऊ शकतो. नागद्वारला हा क्रम उलटा आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या पठारावरून वाट प्रथम दरीत उतरते, ताज्या दमाचे यात्रेकरू ‘हर बोला हर हर महादेव’च्या गजरात झपाझप निघतात आणि आपली ताकद मुबलक आहे असा त्यांचा समज होतो, प्रत्यक्षात उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, त्यामुळे त्यांचा शीण लगेच न जाणवता काही तासांनी, म्हणजे नेमका परतीच्या चढावर, प्रकट होतो. म्हणून पुढे जायचे की मागे फिरायचे याचा निर्णय काजळीलाच घ्यावा. ज्याचा गुडघा तेथवरच सुजला आहे, ज्याला ताप आहे किंवा छातीत धाप मावत नाही, त्याने तेथून परतण्यात श्रद्धेला कोणताही उणेपणा येत नाही.

येथील खडक वालुकाश्म, म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन घट्ट झालेला दगड, असल्याने कडे उभे तुटलेले आणि घळी अरुंद आहेत. परिणामी डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या अंगाला पडलेल्या सरीने नाल्याचे पाणी अचानक चढते. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यातून काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर पलीकडे जाण्याची घाई न करता उंचावर थांबावे. सरळसोट कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या असतात. त्यांच्या पायऱ्यांवर पुढच्यांच्या पायांचा चिखल साचलेला असतो, पाठीवरच्या मेणकापडाचे टोक स्वतःच्याच टाचेखाली येते, आणि मागून रेटा सुरू असतो. मेणकापड आधी कमरेला खोचावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि पुढचा माणूस शिडी सोडेपर्यंत तिच्यावर पाय ठेवू नये, मागचे कितीही ओरडोत.

नागपूरकराला उन्हाची सवय असते, थंडीने धोका होईल असे त्याच्या मनात येत नाही. पण भिजलेले सुती कपडे, वारा आणि रिकामे पोट एकत्र आले की शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते. या अवस्थेला अतिशीतता म्हणतात. तिची सुरुवातीची खूण म्हणजे हुडहुडी, अडखळते बोलणे आणि विनाकारण चिडचिड. श्रावणातला उपवास करणाऱ्यांनी विशेष जपावे : खजूर, गूळ-शेंगदाणे, केळी उपवासाला चालतात, ती खात राहावीत, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी ही वाट धरू नये. वाटेत सेवा मंडळांची अन्नछत्रे असतात, तेथे मिळणाऱ्या गरम खिचडीला नाही म्हणण्याचे कारण नाही.

जथ्थ्याच्या प्रमुखांना मात्र आग्रहाचे सांगणे आहे : पहाटेच निघावे, चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवावा, आणि सर्वांत धडधाकट माणूस पुढे न पाठवता सर्वांच्या मागे ठेवावा.